इटालियन ओपनिंग शिकायची, तर एका डावातून: हेस्टिंग्ज १८९५

मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला की खान्देशातली मुलं दुपारभर घरातच असतात, आणि बुद्धिबळ शिकवायला याहून चांगले दिवस नाहीत. जळगावात जैन इरिगेशनने या खेळाला मोठं पाठबळ दिलं आहे. शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये ग्रँड स्विस ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकला, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक घेऊन आली. त्यामुळे चोपडा, शिरपूर, शहादा अशा गावांतूनही पालक विचारतात, "सर, मुलाला आधी कोणती ओपनिंग शिकवू?"

ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचा ठरलेला मार्ग. माझं उत्तर इटालियन. पण ती खेळ्यांची यादी म्हणून पाठ करून घेऊ नका. व्हिडिओ पाहून बारा खेळ्या घोकलेला मुलगा सहाव्या खेळीला समोरच्याने वेगळं काही केलं की पटाकडे नुसता बघत बसतो. त्याला 'काय खेळायचं' माहीत असतं, 'का खेळायचं' माहीत नसतं. एक डाव पहिल्या खेळीपासून शेवटापर्यंत नीट समजून घेतला की ओपनिंग त्यासोबतच येते. तसा डाव आणि तो शिकण्याची पद्धत, दोन्ही इथे देतो.

डाव कोणाचा

१७ ऑगस्ट १८९५, इंग्लंडमधलं हेस्टिंग्ज. पांढरी मोहरी विल्हेल्म स्टाइनिट्झकडे. प्रागमध्ये जन्मलेला हा खेळाडू १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला आणि १८९४ मध्ये एमॅन्युएल लास्करकडून हरला. हेस्टिंग्जला आला तेव्हा वय ५९. काळी मोहरी जर्मनीच्या कुर्ट फॉन बार्डेलेबेनकडे, आणि तोवर बार्डेलेबेन त्या स्पर्धेत जोरात होता. स्पर्धा शेवटी २२ वर्षांच्या अमेरिकन पिल्सबरीने जिंकली, स्टाइनिट्झ पाचवा आला. पण सर्वांत सुंदर डावाचं पहिलं बक्षीस याच डावाला मिळालं.

आधी पट मांडा

मोबाइल बाजूला ठेवा. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा खरा पट हवा, कारण स्पर्धेत हात त्याच पटावर चालणार आहे. एक वही आणि पेन. शक्यतो घरातलं दुसरं कोणी समोर बसवा. आई, आजोबा, कोणीही चालेल, काळी मोहरी हलवण्यापुरतं.

नोंद मी मराठी अक्षरांत लिहितो: रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही, नुसतं घर. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग (एकाच खेळीत राजा हत्तीकडे दोन घरं आणि हत्ती त्याच्या पलीकडे). पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या रांगा ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या रांगा १ ते ८. खेळीआधी तीन टिंबं असली (३...) की ती काळ्याची खेळी. दोन सारखी मोहरी एकाच घरी जाऊ शकत असतील तर मधे रांगेचं अक्षर येतं: हएसी१ म्हणजे ए रांगेतला हत्ती सी१ ला. स्पर्धेच्या कागदावर आपली मुलं इंग्रजी अक्षरं लिहितात, तेही सोबत शिकवून टाका.

पहिल्या सहा खेळ्या, सावकाश

१. ई४ ई५ २. घोएफ३ घोसी६ ३. उंसी४ उंसी५

इथपर्यंत आलं की ती इटालियन. पांढऱ्याचा सी४ वरचा उंट एफ७ कडे बघतो. त्या प्याद्याला सुरुवातीला फक्त राजाचा आधार असतो, म्हणून सगळी गंमत तिथे. मुलाला बोट ठेवून दाखवायला सांगा: उंट कुठून कुठे बघतोय? बोट सी४ वरून डी५, ई६, एफ७ असं तिरकं सरकलं पाहिजे. शब्दांपेक्षा हे बोट जास्त शिकवतं.

४. सी३ घोएफ६ ५. डी४ ई×डी४ ६. सी×डी४ उंबी४+

सी३ खेळलं ते डी४ ला आधार म्हणून. डी४ खेळलं ते मधली घरं ताब्यात यावीत आणि सी५ वरच्या उंटाला हलावं लागावं म्हणून. सहाव्या खेळीला काळ्याने शह देणं हे या ओपनिंगचं मर्म आहे. समजा काळ्याचा उंट शह न देता बी६ ला मागे गेला. मग ७. डी५ ने सी६ चा घोडा हुसकला जातो, पाठोपाठ ई५ येतं आणि पांढऱ्याची प्यादी काळ्याच्या अंगावर चाल करून जातात. शह दिला की पांढऱ्याला आधी त्याचं बघावं लागतं आणि तेवढ्यात काळा मध्यभागी हात घालतो.

या सहा खेळ्या दोन्ही रंगांनी खेळून घ्या. प्रत्येक खेळीआधी मुलाने मोठ्याने कारण सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर पुढे जायचं नाही. हे कंटाळवाणं वाटतं, पण यात कसूर करू नका.

समोरचा वेगळं खेळला तर

तालुका पातळीच्या स्पर्धेत तिसऱ्या खेळीला हमखास भेटणारा सापळा म्हणजे ३...घोडी४. ई५ चं प्यादं फुकट दिसतं आणि मुलं त्यावर झडप घालतात: ४. घो×ई५ वजी५ ५. घो×एफ७ व×जी२ ६. हएफ१ व×ई४+ ७. उंई२ घोएफ३, आणि मात. राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडून मेला. उपाय साधा आहे: ४. घो×डी४ ई×डी४ ५. ०-०. पांढरा मोहरी बाहेर काढण्यात पुढे, काळ्याचं प्यादं डी४ वर अडकलेलं.

३...घोएफ६ आलं तर ४. डी३ खेळा आणि शांतपणे मोहरी बाहेर काढा. ४. घोजी५ करून एफ७ वर धावून जाण्याचा मोह मुलांना फार असतो. समोरच्याला उत्तर माहीत नसेल तर ते चालतंही, पण सुरुवातीलाच ती सवय लागू देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आजचे ग्रँडमास्टरसुद्धा इटालियनमध्ये बहुधा डी३ चा संथ मार्गच धरतात.

सातवी खेळी: दोन रस्ते

स्टाइनिट्झ खेळला ७. घोसी३. धाडसी खेळी, कारण ई४ चं प्यादं आता काळ्याला मारता येतं: ७...घो×ई४ ८. ०-० उं×सी३ ९. डी५, आणि एक प्यादं कमी असताना पांढरा हल्ल्याच्या भरवशावर खेळतो. थोडं पुढचं बघता येणाऱ्या मुलाला हा रस्ता द्या.

नवख्याला ७. उंडी२ द्या. उंटांची अदलाबदल झाली की ७...उं×डी२+ ८. घोबी×डी२ डी५ ९. ई×डी५ घो×डी५ १०. ०-०, डाव समसमान आणि समजायला सोपा. काळ्याने लोभाने ७...घो×ई४ केलं तर? ८. उं×बी४ घो×बी४ ९. उं×एफ७+ रा×एफ७ १०. वबी३+, एकाच वेळी राजाला शह आणि बी४ च्या घोड्यावर घाव. मोहरं परत मिळतं आणि काळ्याचं कॅसलिंग कायमचं गेलेलं असतं. मुलांना ही खेळी एकदा स्वतः सापडू द्या, आधी सांगू नका.

जिथे राजा अडकला

आता मूळ डावाकडे. बार्डेलेबेनने प्यादं घेतलं नाही, मध्यभाग फोडला:

७. घोसी३ डी५ ८. ई×डी५ घो×डी५ ९. ०-० उंई६ १०. उंजी५ उंई७

पट नीट बघा. पांढऱ्याचं डी४ चं प्यादं एकटं पडलंय, शेजारी सी किंवा ई रांगेत त्याला आधार द्यायला प्यादं नाही. पुढे अदलाबदली होत गेल्या तर ते प्यादं ओझं होईल. म्हणजे शांत डावात काळा खुशीत. पण पांढऱ्याचा राजा कोपऱ्यात सुरक्षित आहे आणि काळ्याचा अजून ई८ वर. पुढचा सगळा डाव या एका फरकावर उभा आहे.

भुसावळला आमच्याकडे एक जुने खेळाडू मुलांना अहिराणीत सांगायचे, "पह्यले राजाले घर मा घाल, मंग बाकीनं देख." या डावात बार्डेलेबेनला तेवढी एक खेळी कधी मिळालीच नाही.

११. उं×डी५ उं×डी५ १२. घो×डी५ व×डी५ १३. उं×ई७ घो×ई७ १४. हई१

मोहऱ्यांच्या तीन जोड्या पटापट उडाल्या आणि ई रांग उघडी पडली. हत्ती ई१ वर आला, ई७ चा घोडा राजासमोर बांधला गेला, म्हणजे तो हलवता येत नाही, कारण मागे राजाला शह बसतो. आता मुलाला काळ्या बाजूला बसवा आणि विचारा, कॅसलिंग कर ना. तो राजा उचलायला हात नेईल. तिथेच थांबवून विचारा की राजा हलला तर ई७ च्या घोड्याला आधार कोणाचा? डी५ वरचा वजीर ई७ ला पोचत नाही. ०-० केलं की हत्ती घोडा मारून बसतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेला मुलगा पुढे कधीही उघड्या रांगेवर राजा विसरत नाही.

चोपड्याच्या एका मुलीने काळ्याकडून अशीच जागा स्पर्धेत खेळली होती. तिच्या नोंदीच्या कागदावर तेराव्या खेळीसमोर उरलेली मिनिटं लिहिली होती ४१ आणि चौदाव्यासमोर २३. कडेला पेनाने राजाच्या घराभोवती छोटा गोल. कॅसलिंग होत नाही हे कळल्यावर तिने अठरा मिनिटं दुसरी वाट शोधली आणि तिला सापडली ती बार्डेलेबेनचीच खेळी:

१४...एफ६

राजाला एफ७ वर जागा करायची, मग एच८ चा हत्ती ई८ ला आणायचा. हाताने केलेलं कॅसलिंगच ते. योजना बरोबर आहे, फक्त दोन खेळ्या लागतात.

१५. वई२ वडी७ १६. हएसी१ सी६

आणि इथे चूक झाली. नंतरच्या समीक्षकांनी काळ्यासाठी इथेच १६...राएफ७ सुचवलं. बार्डेलेबेनला डी५ हे घर प्याद्याने भक्कम करायचं होतं, विचार वाईट नव्हता, पण राजा अजून उघड्या रांगेवर होता. स्टाइनिट्झने लगेच प्यादं देऊन टाकलं:

१७. डी५ सी×डी५ १८. घोडी४

नुसतं ओझं झालेलं ते एकटं प्यादं पुढे जाऊन मेलं आणि त्याच्या मागची जागा घोड्याला मोकळी झाली. डी४ वरून घोडा ई६ वर उडी मारायला बघतो. मुलांना हे दाखवताना मी १७. डी५ नंतर थांबतो आणि विचारतो, हे प्यादं कोणाच्या वाटेत उभं होतं? बहुतेक जण हत्ती किंवा वजीर म्हणतात. घोडा म्हणणारा निघाला की मला फार आनंद होतो.

१८...राएफ७ १९. घोई६ हएचसी८ २०. वजी४ जी६

वजी४ ची धमकी होती व×जी७+ आणि राजा ई८ ला गेला की वएफ८, मात. म्हणून जी६.

२१. घोजी५+ राई८

घोडा हलताच जी४ च्या वजिराची तिरकी वाट उघडली आणि डी७ चा वजीर धोक्यात आला, शिवाय घोड्याचा शह. एफ६ च्या प्याद्याने घोडा मारता येतो, पण मग वजीर जातो. राजाला वजिराच्या शेजारी परतावं लागलं.

२२. ह×ई७+ राएफ८

इथे पट हलवू नका, दहा मिनिटं बघत बसा. राजाने हत्ती मारला असता तर २३. हई१+, आणि राजा डी६ ला आला तरी वबी४+ ने त्याची फरफट सुरू होते. वजिराने मारला असता तर २३. ह×सी८+ ह×सी८ २४. व×सी८+, आणि पांढरा एका घोड्याने पुढे. म्हणून बार्डेलेबेनने दोन्ही न करता राजा बाजूला घेतला, आणि ही खेळी खरंच चलाख होती. आता पांढऱ्याची चारही मोहरी मार खायला उभी आहेत: ई७ चा हत्ती, सी१ चा हत्ती, जी४ चा वजीर, जी५ चा घोडा. एकेकावर बोट ठेवून मोजा. २३. व×डी७ असं वजीर फुकट मिळाल्यासारखं वाटतं, पण ह×सी१+ आल्यावर पांढराच मरतो, कारण शेवटच्या रांगेतून त्याच्या राजाला बाहेर पडायला वाट नाही.

२३. हएफ७+ राजी८ २४. हजी७+ राएच८ २५. ह×एच७+

हत्ती राजाच्या दारावर उभा राहून पुन्हा पुन्हा शह देतो आणि त्याला कोणी मारू शकत नाही. राजाने मारलं की डी७ चा वजीर शहासकट जातो. वजिराने मारलं की सी८ वर काळ्याचे दोन्ही हत्ती उडतात. शह असल्यामुळे काळ्याला सी१ च्या हत्तीला हात लावायला सवड नाही.

इथे बार्डेलेबेन एक शब्द न बोलता सभागृहातून निघून गेला आणि घड्याळातली वेळ संपू दिली. स्टाइनिट्झने जमलेल्या लोकांना पुढची मात दाखवली: २५...राजी८ २६. हजी७+ राएच८ २७. वएच४+ रा×जी७ २८. वएच७+ राएफ८ २९. वएच८+ राई७ ३०. वजी७+ राई८ ३१. वजी८+ राई७ ३२. वएफ७+ राडी८ ३३. वएफ८+ वई८ ३४. घोएफ७+ राडी७ ३५. वडी६, मात.

हरताना उठून जाणं मुलांना आवडतं, त्यातला रुबाब त्यांना भावतो. त्यांना स्पष्ट सांगा की असं करायचं नाही. हरलो तर घड्याळ थांबवून हात मिळवायचा आणि दोघांनी नोंदीवर सही करायची.

सराव कसा घ्यायचा

डाव एकदा समजला की वहीतल्या खेळ्या कागदाने झाका आणि पांढऱ्याची प्रत्येक खेळी मुलाने ओळखायची. बरोबर आली की एक गुण. चुकली तर स्टाइनिट्झची खेळी का चांगली हे त्याने शोधायचं, तुम्ही नाही. पुन्हा आठवड्याने तेच.

मग चौदाव्या खेळीनंतरची जागा मांडून दोघांनी खरोखर खेळा, अर्धा-अर्धा तास घड्याळ लावून, आणि रंग बदलून. काळ्याकडून खेळताना राजा सुरक्षित नेता येतो का? पांढऱ्याकडून खेळताना त्याला अडवता येतं का? ओपनिंग पोटात जाते ती इथे. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर-नंदुरबार असा प्रवास असेल तर चुंबकाचा छोटा पट पिशवीत ठेवा, गाडीत एक जागा तरी मांडून होते.

इंजिन शेवटी. इंजिन म्हणजे खेळ्या तपासणारा संगणकाचा प्रोग्राम. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळतं आणि कोणतीही चूक क्षणात दाखवतं. म्हणूनच ते आधी उघडू नका. मुलाने आपल्या हाताने लिहावं की 'इथे मला असं वाटलं', मग इंजिनाशी ताडून बघावं. दोन्हींत फरक निघेल ती जागा शिकण्याची.

स्पर्धेच्या टेबलावर

नियमांमुळे हातचा डाव जाऊ नये म्हणून थोडं. ज्या मोहऱ्याला जाणूनबुजून हात लावला ते हलवावंच लागतं. कॅसलिंग एकाच हाताने करायचं आणि आधी राजा उचलायचा. आधी हत्तीला हात लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या खेळीला करता येत नाही. ज्या हाताने मोहरं हलवलं त्याच हाताने घड्याळ दाबायचं. खेळी आधी पटावर, मग कागदावर. आधी लिहून ठेवायची परवानगी नाही. नियमबाह्य खेळी झाली तर क्लासिकल (जास्त वेळेच्या) आणि रॅपिड (कमी वेळेच्या) डावांत समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसरी नियमबाह्य खेळी झाली की डाव जातो. बरोबरी मागायची असेल तर आपली खेळी करून, घड्याळ दाबण्याआधी. आणि मोबाइल पालकांकडे द्या, खिशात बंद ठेवलेलासुद्धा नको.

चोपड्याच्या त्या मुलीसारखी उरलेली वेळ दर खेळीला कागदाच्या कडेला लिहायची सवय लावा. घरी आल्यावर तो कागद पाहून लगेच कळतं की मुलगा कुठे अडला, कुठे घाईत पुढे गेला.

डाव संपला की त्याच संध्याकाळी पट मांडा, निकाल काहीही लागलेला असो. पहिल्या पंधरा खेळ्यांत दोनच गोष्टी तपासा: कोणत्या खेळीला आपण ओपनिंगची वाट सोडली, आणि आपला राजा कितव्या खेळीला घरी गेला. हे दोन आकडे वहीच्या मागच्या पानावर एकाखाली एक लिहीत जा. पुढच्या शनिवारी सरावाला बसताना ते पान उघडा, राजा सर्वांत उशिरा घरी गेला तो डाव निवडा आणि ती जागा मुलाला समोरच्याच्या बाजूने खेळायला लावा.